किरकोळ कारणावरून

वर्तमानपत्राच्या शहर-पानावर एक शब्दजोडी इतक्यांदा छापून येते की आता ती डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे: ‘किरकोळ कारणावरून’. किरकोळ कारणावरून तरुणावर कोयत्याने वार. किरकोळ वादातून टोळक्याचा राडा, रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ही बातमी नवी नाही. खाली वाचत गेलं की कारणही कळतं. रागाने का बघितलंस? गाडीला कट का मारलास? माझ्यावर स्टेटस का ठेवलंस? वाढदिवसाच्या बॅनरवर माझा फोटो लहान का? सगळ्याचा अर्थ एकच: खुन्नस का दिलीस?

आपण हळहळतो, ‘एवढ्याशासाठी कुणी जीव घेतं का’ असं म्हणतो आणि पान उलटतो. मीही कित्येक वर्षं तेच करत आलो. मग एकदा त्या ‘किरकोळ’ शब्दावरच अडखळलो.

कारण खरोखर किरकोळ असेल, तर त्या मुलाच्या मनात सकाळी उठताना खून नव्हता. दुपारी नव्हता. संध्याकाळी सातलाही नव्हता. तो सात वाजून पाच मिनिटांनी आला आणि सव्वासातला सगळं संपलं होतं. दोन घरं उद्ध्वस्त झाली होती, मरणाऱ्याचं आणि मारणाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं वैर थांबवणं कठीण असतं. पण दहा मिनिटांत उतू गेलेल्या गोष्टीच्या आड एक ओळखीचा आवाज आला असता, कुणी खांद्यावर हात ठेवला असता, ‘चल, घरी जाऊ’ म्हणालं असतं, तर कदाचित ती बातमीच झाली नसती.

म्हणजे कारण किरकोळ असणं, ही या सगळ्या भीषण प्रकारातली सर्वांत आशेची बाब आहे. गेल्या तीसेक वर्षांत जगात अनेक ठिकाणी वस्त्यांनी, डॉक्टरांनी, प्रशिक्षकांनी आणि काही पोलिसांनीही हीच आशा धरून काम केलं. त्यांना जे सापडलं ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही.

मुठीतला चेंडू

एक प्रयोग घरी करून पाहा. दोन मुलांची जोडी करा. एकाच्या हातात छोटा चेंडू देऊन मूठ घट्ट मिटायला सांगा. दुसऱ्याला सांगा, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. मग बघत राहा. बोटं उघडायची झटापट सुरू होते, मनगट पिरगळलं जातं, कुणी गुदगुल्या करतो, कुणी चिमटे काढतो. वेळ संपली की जोड्या बदला. पुन्हा तेच.

मग विचारा, ‘तुमच्यापैकी कुणी नुसता मागून का नाही पाहिला?’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘मागून कोण देणार!’ आता ज्याच्या मुठीत चेंडू होता त्याला विचारा, मागितला असता तर दिला असतास का? तो खांदे उडवतो: ‘दिला असता की. साधा चेंडू तर आहे.’

शिकागो शहरात ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये हा खेळ खेळतो. कोरड्या उपदेशाने जे होत नाही ते या अर्ध्या मिनिटात होतं. मुलाला स्वतःच्या हाताकडे बघून कळतं की डोक्याने काही ठरवायच्या आधीच हात चालून गेला होता. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्यक्रमाची चाचणी औषधाच्या चाचणीसारखी, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, कार्यक्रम चालू होता त्या काळात त्यातल्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांनी घटलं. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला हा फरक ओसरला, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे ही एकदा टोचून विसरायची लस नाही. हा व्यायाम आहे, सोडला की अंग पुन्हा जड होतं.

आता आपल्या भाषेकडे बघा. मराठीत माणूस राग ‘करतो’ असं आपण क्वचित म्हणतो. आपल्याला राग ‘येतो’. पाहुणा यावा तसा येतो, आणि जो येतो तो जातोही. आजी सांगायची, राग आला की दहापर्यंत आकडे मोज. तिने कुठलाही शोधनिबंध वाचला नव्हता. पण आलेला राग फार वेळ टिकत नाही, तेवढा वेळ काढता आला पाहिजे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आपण भांडण ‘सोडवतो’. गाठ सोडवावी, गणित सोडवावं, तसं. शब्दानेच सांगून ठेवलंय की भांडणाला सुटण्याची जागा असते, ती शोधणारं कुणीतरी लागतं.

एकटा आणि टोळकं

मग सोळा वर्षांच्या मुलाला दहापर्यंत आकडे मोजता का येत नाहीत? येतात, तो एकटा असेल तर.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, दिवा पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते आपण ठरवायचं. किशोरवयीन मुलं एकटी खेळली तेव्हा मोठ्यांच्या तुलनेत फार बेफाम नव्हती. पण मित्र शेजारी उभे करताच त्यांनी घेतलेले धोके जवळजवळ दुप्पट झाले. चोवीस वर्षांपुढच्या माणसांवर मित्रांच्या हजेरीचा असा परिणाम दिसला नाही. मेंदूचा लगाम धरणारा, कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. त्याआधी लगाम असतो, पण सवंगड्यांच्या नजरेपुढे तो सैल पडतो.

म्हणून बातमीत जवळजवळ नेहमी ‘टोळकं’ असतं. हातात मोबाइल धरून रील काढणारा एक मित्र असतो. तलवारीने केक कापला जातो तेव्हा तो केकसाठी नसतो, भोवतीच्या डोळ्यांसाठी असतो.

इथे मला कोयत्याविषयी थोडं बोलायचं आहे. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. अशा कोयत्यांची मिळून होते ती ‘टोळी’. म्हणजे आज ज्या दोन शब्दांनी आपल्या शहराला धडकी भरते, ते दोन्ही शब्द घामाच्या, भाकरीच्या जगातून आले आहेत. एका कोयत्यात दोन माणसांचं पोट मोजलं जात होतं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवायला सांगण्यात आलं. पोलिसांचा तो नाइलाज समजू शकतो. पण पातं तेच आहे. ते उसाच्या बुंध्यावर पडेल की माणसावर, हे धरणाऱ्या हाताभोवती कोण उभं आहे त्यावर ठरतं. संगत बिघडवते, तशी संगत सावरतेही. पुढची सगळी गोष्ट या दुसऱ्या शक्यतेची आहे.

‘कुणाचा रे तू?’

गावात अनोळखी पोरगं दिसलं की पारावरचा म्हातारा विचारतो, ‘कुणाचा रे तू?’ या तीन शब्दांत केवढी यंत्रणा दडलेली आहे! पोराला कळतं की आपल्याला कुणी पाहिलं. म्हाताऱ्याला कळतं की ही गोष्ट कुणाच्या कानावर घालायची. शेजाऱ्याच्या पोराला रागवायचा हक्क गावाने प्रत्येक मोठ्या माणसाला न मागता दिलेला असतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना जवळपास हाच प्रश्न विचारला होता. तुमच्या गल्लीत मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली, किंवा मोठ्यांशी उर्मटपणे वागली, तर शेजारी काही बोलतील का? १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं उत्तर चकित करणारं होतं. जिथले लोक म्हणाले ‘हो, बोलतील’, आणि जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे हिंसा कमी होती. गरिबी सारखीच असलेल्या वस्त्यांची तुलना करूनही कमीच. शेजाऱ्याच्या पोराला रागवायचा हक्क आकड्यांत मोजता आला होता.

आता आपला पट्टा पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मग एमआयडीसी आली, आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर होती, २००१ मध्ये दहा लाखांवर, २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर. वीस वर्षांत तिपटीहून जास्त! तोवर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचले होते. ज्या चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाला झुंजवलं, त्याच्या शिवारात फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून मुलं आली. एका खोलीत सहा-आठ जणांनी राहायचं, पाळीपाळीने झोपायचं, कंत्राट संपलं की दुसरा ठेकेदार शोधायचा. जे इथेच जन्मले त्यांच्या बापाची रात्रपाळी आणि आईची धुण्याभांड्यांची कामं. पोरं शाळेतून येतात तेव्हा घराला कुलूप असतं.

इतक्या झपाट्याने शहर वाढलं की ‘कुणाचा रे तू?’ विचारायला कुणाला उसंत राहिली नाही. आणि विचारलं, तरी उत्तराचा उपयोग काय, बापाचं नाव कुणाच्या ओळखीचं नाही. या पट्ट्याचं दुखणं मला इथे दिसतं. मुलं वाईट निघाली, असं मला वाटत नाही. त्यांना नावाने हाक मारणारी माणसं कमी पडली.

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान चाकणला बसगाड्या पेटल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण त्यात आलं. पोलीस वाढले, ठाणी वाढली, हे हवंच होतं. पण प्रत्येक कट्ट्यावर हवालदार बसवता येत नाही. सात वाजून पाच मिनिटांनी तिथे जो हजर असतो तो शेजारी, टपरीवाला, मित्र, मामा असतो.

कारखान्याला जे ठाऊक आहे

मला सर्वांत मोठं नवल वाटतं ते याचं, की हिंसा कशी टाळावी याची विद्या या पट्ट्यात रोज तीन पाळ्यांत वापरली जाते. फक्त ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली नाही.

फाटकातून आत जा. दर्शनी भागात फलक असतो: शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सगळे रांगेत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात. आणि शॉप फ्लोअरवरच्या पोराच्याही तोंडी एक शब्द असतो: ‘नियर मिस’. वरून पाना पडला, कुणाला लागला नाही. जुन्या काळी लोक ‘वाचलास’ म्हणून हसून सोडून द्यायचे. आता त्याची नोंद होते. पाना का पडला, बांधला का नव्हता, दोरी का नव्हती, असं पाच वेळा ‘का’ विचारलं जातं. पकडायचा असतो तो दोष. माणूस नंतर.

याचं मूळ १९३१ सालच्या एका पुस्तकात आहे. हर्बर्ट हाइनरिक हा अमेरिकेतल्या विमा कंपनीचा माणूस. हजारो अपघातांच्या नोंदी तपासून त्याने मांडलं की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापती असतात आणि ३०० वेळा काहीच झालेलं नसतं. नुसतं थोडक्यात निभावलेलं असतं. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच आक्षेप आले. पण त्यातला विचार जगभरच्या कारखान्यांनी उचलला: मोठी घटना टाळायची असेल तर लहान घटनांकडे लक्ष दे.

आता हीच दृष्टी वस्तीवर लावा. खून हा तळाशी दडलेल्या ढिगाचं टोक असतो. त्याखाली कॉलर धरल्याचे प्रसंग असतात, इन्स्टावरच्या धमक्या असतात, शाळेच्या फाटकाबाहेर ‘बाहेर ये, बघतो तुला’ असतं. प्रत्येक प्रसंग हा नियर मिस आहे. कारखान्यात तो वहीत चढतो. वस्तीत मात्र आपण ‘वाचलास’ म्हणून सोडून देतो.

कार्डिफ शहरातले शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी अशी वही खरोखर ठेवली. मारामारीत जबडे मोडलेल्या लोकांवर ते उपचार करत. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच मारामाऱ्या पोलिसांपर्यंत जातच नाहीत. मग दवाखान्यात नाव न लिहिता एवढंच टिपायला सुरुवात झाली: कुठे झालं, केव्हा, कशाने. ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेसमोर ठेवली की कुठल्या चौकात, कुठल्या वेळी काय बदलायला हवं ते दिसू लागलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिंसेने जखमी होऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये तशाच इतर शहरांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्या पिंपरीतल्या वायसीएम रुग्णालयाच्या अपघात विभागात अशी एक बिननावाची वही ठेवायला कितीसा खर्च येईल?

साथ आणि तिची लस

गॅरी स्लटकिन हे साथीच्या रोगांचे डॉक्टर. क्षयाशी आणि सोमालियातल्या निर्वासित छावण्यांत कॉलऱ्याशी झुंजून ते १९९५ च्या सुमारास शिकागोला परतले. शहरातल्या गोळीबारांचे नकाशे पाहताना त्यांना कॉलऱ्याचे नकाशे आठवले. तसेच पुंजके, तशाच लाटा. एका घटनेतून दुसरी. २००० साली त्यांनी एका वस्तीत काम सुरू केलं. ज्यांनी स्वतः टोळ्यांत आयुष्य घालवलं, तुरुंग पाहिला आणि जे त्यातून बाहेर आले, अशा माणसांना पगारी नेमलं. काम एकच: भांडण पेटतंय असं कानावर आलं की तिथे पोचायचं आणि ते सोडवायचं. ही पद्धत सगळीकडे सारखी यशस्वी झाली नाही. काही शहरांत गोळीबार ठळकपणे घटले, काही ठिकाणी फरक दिसला नाही. पण तिच्यातलं एक तत्त्व टिकून राहिलं. आपल्यासारख्याच माणसाचं मुलगा ऐकतो. कोविडमध्ये आशाताई दार ठोठावत होत्या तेव्हा आपणही हेच पाहिलं. घराची कडी ओळखीच्या आवाजाला उघडते.

लायबेरियाच्या राजधानीत, यादवी युद्धानंतर, रस्त्यावर जगणाऱ्या ९९९ तरुणांवर असाच प्रयोग झाला. आठ आठवडे गटात बसून राग ओळखायला, थांबायला, वेगळं वागून बघायला शिकायचं. शिकवणाऱ्यांत स्वतः त्या वाटेवरून परत आलेले तरुण होते. काहींना सोबत २०० डॉलर मिळाले. ज्यांना शिकवण आणि पैसे दोन्ही मिळाले, त्यांच्यातले गुन्हे दहा वर्षांनंतरही जवळपास निम्मेच होते. दहा वर्षं! त्या पैशांनी त्यांना नवा माणूस म्हणून वावरायला, सराव करायला थोडा अवधी दिला असावा, असं संशोधकांना वाटतं.

आणि ग्लासगो. तिथे बंदुका नव्हत्या, चाकू होते. आपल्या कोयत्याशी जुळणारी गोष्ट. २००५ साली पोलिसांच्या माहिती-विश्लेषक कॅरिन मॅक्लस्की आणि अधिकारी जॉन कार्नोकन यांनी हिंसा-निवारणाचं खास पथक उभारलं. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयाच्या सभागृहात बोलावलं गेलं, आरोपी म्हणून नाही, श्रोते म्हणून. पोलीस अधिकारी बोलला: आता थांबला नाहीत तर सगळी ताकद लावू. डॉक्टर बोलले: चाकूने चिरलेला चेहरा आम्ही कसा शिवतो. मग एक आई उठली आणि हल्ल्यानंतर मुलाचं काय झालं ते सांगू लागली. आणि शेवटी हातात एक फोन नंबर: बाहेर पडायचंय? शिक्षण, काम, आधार, सगळं इथून. स्कॉटलंडमधले खून त्यानंतरच्या दहा वर्षांत साधारण निम्म्यावर आले. धाक होताच, पण धाकाच्या शेजारी एक उघडं दार होतं.

आपल्या मातीतली उत्तरं

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर भिवंडीला चला. यंत्रमागांचं शहर, दूरदूरहून आलेल्या मजुरांचं. अगदी चाकणसारखं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस. बैठकांत भाषणं नसत. नळ, गटार, शेजाऱ्यांची भांडणं, पोराने फोडलेली काच, असले विषय असत. किरकोळ कारणं! ती तिथेच सुटत गेली आणि सोडवताना माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली.

मग ६ डिसेंबर १९९२ आला, बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. आणि भिवंडी, जिच्या नावाने लोक दचकत, ती शांत राहिली. ऐन वणव्यात शेजारचं रान हिरवं राहावं तसं. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारखे लोक तिच्यामागे उभे राहिले आणि शांततेसाठी तरुणांचे क्रिकेटचे सामने भरू लागले.

नागपूरला विजय बारसे हे हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. खेळ रंगला होता, त्या वेळापुरतं बाकीचं सगळं विसरलं गेलं होतं. २००१ मध्ये त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. त्या मैदानातून वाट सापडलेली मुलं पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ने ती गोष्ट घराघरांत नेली.

मुंबईत २००८ पासून ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांच्या हाती साध्या कार्डांचा संच दिला गेला. सरावानंतर आठवड्याला काही मिनिटं, मुलींशी कसं वागायचं, मर्दपणा कशात असतो, राग आला की काय करायचं, यावर बोलायचं. ज्याच्याकडून मुलगा चेंडू वळवायला शिकतो, त्याच्याकडून तो माणुसकीही शिकतो. आणि आपल्या अगदी शेजारी, पुण्यात, इक्वल कम्युनिटी फाउंडेशन ही संस्था २००९ पासून वस्त्यांमधल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांसोबत बसते आहे. मुलग्यांकडे संकट म्हणून न बघता, बायकांवरची हिंसा थांबवण्यातले सोबती म्हणून बघते.

एक सावधगिरी

समाजाने पुढे यावं म्हणताना एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. समाज म्हणजे जातपंचायत नव्हे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला तो उगीच नाही. भांडण सोडवणं म्हणजे मुलीवर झालेला अत्याचार ‘मिटवून’ टाकणं नव्हे, आणि चोर समजून कुणाला चोपणं तर नव्हेच. जखम झाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. ज्याचं पोर गेलं त्याला न्याय मिळालाच पाहिजे. आपण बोलतोय ते जखमेच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल, आणि शिक्षा भोगून परतलेल्या मुलाच्या पहिल्या पाच महिन्यांबद्दल.

आपला कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘बाल गुन्हेगार’ म्हणत नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण त्यात मोठी करुणा आहे: हे मूल कायद्याशी झगड्यात सापडलंय, झगडा सुटू शकतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात समुपदेशन आहे, समाजसेवेचा आदेश आहे, नव्याने सुरुवात करण्याचं तत्त्व आहे. पण कायद्याने दिलेली नवी सुरुवात गल्लीत कुणी स्वीकारली नाही, तर ते पोर परत कुठे जाईल? जिथे त्याला ‘भाई’ म्हणतात तिथेच.

पाच नावं

या पट्ट्याकडे काय नाही? भोसरीसारख्या गावांत तालमींची आणि कबड्डीची परंपरा आहे. वस्तादाचा शब्द पोरं आजही खाली पडू देत नाहीत. गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत. दहा दिवस मांडव उभारणारे कार्यकर्ते उरलेल्या दिवसांतही तिथेच राहतात. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलं आहे, आणि अशा कंपन्यांची इथे रांग लागली आहे. त्यातून एखादं मैदान, संध्याकाळचे दिवे, एक पगारी ताई किंवा दादा, ज्यांचं काम मुलांना ओळखणं हेच असेल, एवढं तर नक्की निघेल. फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवरचा कचरा उचलून नुसती हिरवळ आणि झाडं लावली, तर सर्वांत गरीब भागांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. २०१८ सालचा हा अभ्यास वाचल्यापासून मला प्रत्येक अंधाऱ्या मोकळ्या प्लॉटमध्ये एक टळू शकणारा खून दिसतो.

पण सगळं कुणीतरी मोठ्याने करायचं, असंही नाही. चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याही टपरीवर पाळी सुटायच्या वेळी थांबून बघा. गर्दीत धक्का लागतो, चहा सांडतो, दोन पोरं छातीला छाती भिडवतात. भोवती कोंडाळं होतं, एकाचा मोबाइल वर जातो. आणि गाळणी हातात घेतलेली मावशी आतूनच म्हणते, ‘ए बाळा, आईचं ऑपरेशन झालं का रे?’ त्या पोराची मान वळते. तिला नाव ठाऊक आहे, घर ठाऊक आहे. तो मुठी सोडून म्हणतो, ‘झालं, मावशी.’ कोंडाळं पांगतं. दुसऱ्या दिवशी पेपरात काहीही छापून येत नाही. कुणालाच कळत नाही की काल इथे एक जीव वाचला असेल.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या फाटकाबाहेर, कंपनीच्या कँटीनमध्ये पंधरा ते पंचवीस वयाची जी मुलं दिसतात, त्यातल्या पाच जणांची नावं या महिन्यात माहीत करून घ्या. हाक मारा. घरी कोण आहे विचारा. कधीतरी सात वाजून पाच मिनिटांनी त्यातलं एक नाव तुम्हाला मोठ्याने घ्यावं लागेल, आणि तेवढं पुरेल.